सोमवारचा आकडा

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घर तापवणारा बॉयलर गेला. सकाळी नळ्यांमध्ये दोन-चार ठोके पडले, करपल्यासारखा वास सुटला आणि सगळं घर गार. मेकॅनिक आला, गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारली आणि टोपी काढून म्हणाला, "आजी, ह्याच्यात आता जीव नाही. नवाच बसवावा लागेल." नव्याची किंमत ऐकली आणि त्याला चहा विचारायचंही भान राहिलं नाही.

ही वही माझी पडद्यांच्या मापांची. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांची लांबी-रुंदी हिच्यात लिहिली. मागची पानं कोरी उरलीत. मनातलं कुठेतरी ओकावं म्हणून आजपासून लिहिणार. वन्संना सांगायची सोय नाही, कारण त्यातलं निम्मं त्यांच्याबद्दलच असतं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वेधशाळेत तेहतीस वर्षं नोकरी केली, रोज सकाळी सातला पारा वाचायचा आणि नोंदवहीत लिहायचा. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच. त्या उत्तरेच्या खोलीत, मी दक्षिणेच्या, मध्ये स्वयंपाकघर, आणि बोलणं कामापुरतं.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "आई, या थंडीत तुम्ही दोघी तिथे कशा राहणार? मी न्यायला येतो." त्याच्याकडे जास्तीची खोली एकच, म्हणजे मी तिकडे जायचं. आणि आत्या? तर आत्यासाठी त्याने ज्येष्ठांचं एक निवास बघून ठेवलंय म्हणे, फार छान आहे, बाग आहे. फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता. वन्सं समोरच बटाटे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला, मग परत सुरू झाला.

मी म्हटलं, "आम्ही कुठेही येत नाही." तासभर वाद झाला. शेवटी असं ठरलं की रोज सकाळी सातला घरातलं तापमान त्याला कळवायचं. चौदाच्या खाली गेलं की त्याच आठवड्यात सामान बांधायचं. "आणि आकडा आत्या सांगेल. तू नाही," हेही वर. पोटच्या पोराचा हा विश्वास! पण बोलायला तोंड नव्हतं. वन्सं एकदा तापाने फणफणल्या होत्या तेव्हा वेधशाळेतली एक नोंद चुकली. साहेब म्हणाले, आदल्या दिवसाचाच आकडा टाका, कोण बघतंय? ह्या बाईने ती जागा कोरी सोडली. कोरी जागा चालेल, खोटा आकडा नाही, असं साहेबाला तोंडावर सांगितलं. ही गोष्ट मी ह्यांच्याकडून शंभरदा ऐकलीय.

घर माझं आहे आणि मी ते सोडणार नाही. वन्संचं काय ते त्या बघून घेतील. पण ती बाग-बीग त्यांना आवडायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वन्संनी ट्रंकेतून थर्मामीटर काढला. निवृत्त होताना मिळालेला, लाकडी पट्टीवरचा. मी म्हटलं, बैठकीत लावू. "नको, तिथे खिडकी आहे." मग स्वयंपाकघरात? "तिथे गॅस आहे." शेवटी अडगळीच्या खोलीत लावला. ती घराच्या मागच्या अंगाला, खिडकी नसलेली. "ना ऊन, ना वारा. तिथला आकडा तो घराचा आकडा," म्हणाल्या. हवामानात त्यांच्यापुढे कोण बोलणार? जन्मात हातोडी न धरलेल्या बाईने स्वतः खिळा ठोकला.

मी मदतीला गेले नाही. त्या खोलीत ह्यांचं सामान आहे आणि मला धुळीने शिंका येतात. सहा वर्षांत मी ते दार उघडलेलं नाही. काही लागलं तर वन्संच आणून देतात. आमचं मांजर मात्र हल्ली दिवसभर तिथेच पडलेलं असतं. उंदीर झाले असणार.

१ डिसेंबर, सोमवार

शनिवारी अठरा, काल अठरा, आज पंधरा.  सुरुवातच अशी, तर जानेवारीत काय होईल? सोमवार असल्यामुळे शेजारची बेकरी बंद, कालचाच पाव भाजून खाल्ला. मग पदर खोचून कामाला लागले. कापड माझं ऐकतं. चाळीस वर्षांत एकही पडदा आखूड झाला नाही, तर ही थंडी कोण लागून गेली?

४ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस मशीन चालू आहे. घरातली जुनी ब्लँकेटं, दोन रजया, बैठकीतला फाटका गालिचा, सगळं काढलं. पडद्यांना ब्लँकेटचं अस्तर लावलं. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा हातभर रुंद हवा आणि वरून छताला टेकायला हवा, नाहीतर गार हवा डोक्यावरून खाली ओतते. हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले, माझ्याच घरात कधी केलं नव्हतं. काचांवर पाणी मारून फुगेवालं प्लॅस्टिक चिकटवलं, सामान गुंडाळून येतं ते. फटींमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. पडदे दिवसा उघडे ठेवायचे, ऊन आत घ्यायचं, आणि ऊन कलायच्या आत बंद करायचे. ह्यात हयगय नाही.

आणि सगळ्यात कठीण गोष्ट. दोन खोल्या गरम ठेवणं परवडत नाही. वन्संची उत्तरेची खोली बंद करून दाराला गालिचा ठोकला आणि त्यांची कॉट माझ्या खोलीत आणली. झोपायच्या आधी तासभर छोटा हीटर, मग दोन गरम पाण्याच्या पिशव्या. एका खोलीत दोन बायका असल्या की खोली आपोआप तापते, असं वन्सं म्हणाल्या. तापते खरीच. पहिल्या दिवशीच रेडिओवरून भांडण झालं.

आज आकडा अठरा.

८ डिसेंबर, सोमवार

परत पंधरा! आणि मी चोर पकडला. वन्सं दर रविवारी अंघोळ करतात ती बादल्यावर बादल्या गरम पाणी घेऊन, अर्धा तास. एवढी वाफ घरभर पसरते, भिंती ओल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी घर गार. मागच्या सोमवारीही हेच झालं होतं. मी सरळ सांगितलं, "वन्सं, तुमच्या अंघोळीने आपण घराबाहेर जाऊ."

मला वाटलं, हवामानाचं पुराण सांगतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं वहिनी. तू म्हणतेस तर बंद." एवढं सहज ऐकतील असं वाटलं नव्हतं. चुकीची जाणीव झाली असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

काल वन्संनी टॉवेल ओला करून अंग पुसलं. आजही पंधरा. म्हणजे आधीच्या आठवड्यांची ओल भिंतीत मुरलेली आहे, ती निघायला वेळ लागणार. अंघोळबंदी चालू.

मंगळवार ते रविवार मात्र अठराच्या खाली येत नाही. चिरंजीव फोनवर म्हणाला, "आत्या, नक्की ना?" वन्सं म्हणाल्या, "थर्मामीटर अठरा दाखवतोय." मी मागून ओरडले, "तुझ्या आईचे पडदे आहेत म्हटलं!"

१९ डिसेंबर, शुक्रवार

मंगळवारी कडाक्याचं भांडण झालं. ही बाई रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडते! मी रात्रभर राखलेली ऊब दहा मिनिटांत रस्त्यावर. म्हणे आपल्या दोघींच्या श्वासांची ओल बाहेर जायला हवी, ओली हवा तापायला वेळ लागतो, कोरडी लवकर तापते. मी म्हटलं, "इथे माझी हाडं वाजतायत आणि तुम्ही शाळा घेताय?" दोन दिवस खिडकी उघडू दिली नाही. तिसऱ्या दिवशी काचेवरून पाणी ओघळून माझ्या नव्या पडद्याच्या अस्तराला काळे ठिपके पडले. बुरशी! गुपचूप उठून खिडकी उघडली. वन्सं काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर शाल टाकली. त्या टोमणा मारतात तेव्हा बरं असतं, असं गप्प राहिल्या की माझी फार पंचाईत होते.

त्या घोरत नाहीत, हेही लिहून ठेवते. मी घोरते म्हणे. शक्य नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

बाहेर बादलीतलं पाणी गोठलं, आणि आमच्याकडे सतरा! अंगावर मूठभर मांस चढलं. आम्ही कपड्यांचंही शास्त्र बसवलंय. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ घालायचे. डोकं आणि पाय आधी झाकायचे, बाकीचं नंतर. स्वयंपाक झाला की ओव्हनचं दार उघडं ठेवायचं. बसून राहिलं की थंडी वाजते, म्हणून दर तासाला एकीने उठून घरभर फेरी मारायची. वन्संनी घड्याळ लावलंय. शेजारणी काय, सगळ्या गल्लीने माझ्याकडे शिकवणी लावावी.

पाव आणायला गेले तेव्हा बेकरीवाल्याला शेखी मिरवून आले. "सतरा! बॉयलरशिवाय!" तो पिठाचे हात पुसत हसला. "असणारच की, आजी. आमची भट्टी..." म्हणून काहीतरी सांगायला लागला. त्याच्या भट्टीचं कौतुक ऐकत बसायला मला वेळ नव्हता. दर वेळी गिऱ्हाईक दिसलं की ह्याची भट्टी, ह्याचं पीठ! मी पाव घेतला आणि आले. वन्संना हे हसत सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत.

१३ जानेवारी, मंगळवार

काल सोमवार होता म्हणून पंधरावर मी गप्प होते. पण आज मंगळवार असूनही पंधरा. अंघोळ नाही, कपडे धुतले नाहीत, काही नाही. सकाळी पाव आणायला गेले तर बेकरीचं शटर बंद. वर कागद चिकटवलाय: भट्टीच्या विटा फुटल्या आहेत, गुरुवार बावीसपर्यंत बंद. म्हणजे दीड आठवडा पावाचेही हाल.

वन्संना कागदाचं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. मी म्हटलं, "अहो, पावासाठी एवढं काय? मी घरी भाजते."

१६ जानेवारी, शुक्रवार

चौदा. बरोबर चौदा. माझी झोप उडाली आहे. बैठकीतल्या सोफ्याची कव्हरं उसवून दारांना तिसरा थर लावला. बोटांना सुया टोचून टोचून चाळण झालीय. कुठेतरी फट राहिलीय आणि ती मला सापडत नाही. मेणबत्ती हातात घेऊन घरभर फिरले. जिथे ज्योत हलते तिथे वारा येतो. माझ्या एकाही पडद्याजवळ ती हलली नाही, मग थंडी येतेय कुठून?

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझे पडदे चांगलेच आहेत. तू दमू नकोस." ह्यांच्यासारखाच आवाज आहे त्यांचा, हे आज इतक्या वर्षांनी जाणवलं.

१७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते ऐकून मी तोंडात बोट घातलं. सातला वन्सं अडगळीच्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या, चिरंजीवाचा फोन घेतला आणि म्हणाल्या, "आज नोंद नाही."

तो म्हणाला, "नोंद नाही म्हणजे?"

"म्हणजे कोरी." आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "किती आहे?" तर म्हणाल्या, "मी सांगितलं ना, कोरी." त्यांच्या नोंदवहीत खरंच जागा कोरी सोडलीय. बाईचं डोकं फिरलं की काय! आकडा वाईट असेल तर खोटा सांगा म्हणते मी. एकदा खोटं बोललं तर काय आभाळ कोसळणार आहे? त्यांनी नुसती मान हलवली.

२० जानेवारी, मंगळवार

चौथा दिवस, कोरी. चिरंजीव काही दूधखुळा नाही. आज म्हणाला, "मी शनिवारी येतोय. आई, तुझी बॅग भरून ठेव. आत्यासाठी तिथे जागा राखून ठेवायला सांगितलीय."

मी फोनवर खूप बोलले, मग ठेवल्यावर रडले. लिहायला लाज कसली? घरासाठी रडले असं वन्संना सांगितलं. पण डोळ्यांपुढे येत होतं ते दुसरंच. तिकडे सुनेच्या घरात सकाळी सात वाजतील आणि कुणी आकडा सांगणार नाही. घर तर मी असेन तिथे पडदे लावून करीनही. माझंच मला नवल वाटलं.

२१ जानेवारी, बुधवार

आज दुपारी चहा झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, शिवण बाजूला ठेव. मला तुला काही सांगायचंय. मी तुम्हा सगळ्यांना फसवलंय."

अडगळीच्या खोलीची मागची भिंत आणि बेकरीच्या भट्टीची भिंत एकच. थर्मामीटर त्याच भिंतीवर आहे. पहाटे भट्टी पेटली की सातपर्यंत भिंत तापते. सोमवारी बेकरीला सुट्टी, म्हणून सोमवारी पारा उतरतो. आता भट्टीच बंद, म्हणून रोज उतरला. सतरा तारखेला तेरा होता.

"आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, गरम भिंतीवर लावायचा नाही," म्हणाल्या. "मी मुद्दाम लावला. आकडा मी कधी खोटा सांगितला नाही. जागा खोटी होती, आणि ते त्याहून वाईट."

 आधी राग आला तो पडद्यांसाठी. दीड महिना मी गल्लीभर मिरवत होते! मग एकदम आठवलं. "आणि तुमची अंघोळ? तुम्हाला ठाऊक होतं, तरी सहा रविवार टॉवेलने अंग पुसत बसलात?"

"मग काय सांगणार होते? अंघोळ सोडणं सोपं होतं."

"पण का केलंत हे सगळं?"

त्यांनी कपाकडे बघत सांगितलं, "त्याने तुला नेलं असतं आणि मला तिकडे ठेवलं असतं. मग मी सकाळी सातला आकडा कुणाला सांगायचा?"

मी उठले आणि त्यांचा कप परत भरला. थोडा बशीत सांडला. त्यांना एवढंच म्हणाले, "बाई, हे मला आधी सांगायचं होतंत."

२२ जानेवारी, गुरुवार

रात्रीत विचार पक्का झाला. सकाळी वन्संना म्हटलं, "भिंत गरम होते ना? मग थर्मामीटर कशाला तिच्याशी चिकटवायचा? आपणच जाऊ की तिथे." वन्सं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण वहिनी, ती खोली..." मी म्हटलं, "ठाऊक आहे कुणाची खोली ते."

मी दार उघडलं. सहा वर्षांनी. शिंक एकही आली नाही.

ह्यांची खुर्ची त्या भिंतीला पाठ लावून होती. हिवाळ्यात हे तासन्‌तास इथे बसायचे, रेडिओ नाहीतर घड्याळ उघडून. मला वाटायचं, आम्हा दोघींच्या कटकटीपासून लपून बसतात. मी तसं बोलूनही दाखवायची. वन्सं म्हणाल्या, "दादा पाठ शेकत बसायचा. कंबर दुखायची ना त्याची. तुला सांगू नको म्हणायचा, तू काळजी करत बसशील." मी त्या खुर्चीवर बसले आणि पोटभर रडले. वन्सं शेजारी ट्रंकेवर बसून राहिल्या. मांजरही बसलं.

मग कामाला लागलो. सामान उत्तरेच्या खोलीत हलवलं. दाराला जाड पडदा हवा होता आणि घरात कापडाचा तुकडा उरला नव्हता. खुंटीवर ह्यांचा ओव्हरकोट होता, लोकरीचा, पायघोळ. मी कात्री आणली. वन्संनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच घेतला असता त्यांनी, तर बरं झालं असतं. मी कुडकुडायची आणि हे ऐटीत फिरायचे." आणि कापला. अंगाचा पडदा झाला. बाह्यांमध्ये चिंध्या भरून दोन्ही तोंडं शिवली आणि दाराखालच्या फटीला लावल्या. खिशात कोटाचंच एक तुटलेलं बटण निघालं. बायको शिवणकाम करणारी, आणि बटण लावून दे म्हणायला ह्या माणसाला जड गेलं! ते मी पडद्याला लावलं. त्याची तिथे काही गरज नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

भट्टी पेटली. पहाटे शेजारी परातींचा आवाज झाला आणि मी भिंतीला तळवा लावून उभी राहिले. हळूहळू ऊब आली. दोन्ही कॉट भिंतीला लावल्या. थर्मामीटरचा खिळा वन्संनी उपटला आणि समोरच्या भिंतीवर ठोकला, भट्टीपासून सगळ्यात लांब, खांद्याच्या उंचीवर. "आता नियमाप्रमाणे." दिवसभरात आकडा सतरावर गेला.

बेकरीवाल्याला जाऊन सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही भट्टीचं सांगत होतात, मी ऐकून घेतलं नाही. माझं चुकलं." तो म्हणाला, "तुमचे साहेब रोज सांगायचे, तुमच्या भट्टीवर माझी कंबर चालते." हे सगळ्या जगाला सांगत होते, मला सोडून.

२४ जानेवारी, शनिवार

चिरंजीव आला तो दारातूनच, "बॅग कुठाय?" कोट अंगात, मफलर गळ्यात. मी त्याला सरळ अडगळीच्या खोलीत नेलं. दोन कॉट, दिवा, रेडिओ, मांजर. तो बघतच राहिला. थर्मामीटर अठरा.

मला वाटलं, आता वन्संनी गप्प बसावं. पण गप्प बसतील त्या वन्सं कुठल्या! समोर उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, भिंत, सोमवार, कोऱ्या जागा, काही लपवलं नाही. पोराचं तोंड उघडंच राहिलं. "आत्या, तू?"

"हो, मी."

तो ह्यांच्या खुर्चीत बसला.  बसल्या बसल्या, स्वतःच्याही लक्षात न येता, आधी मफलर काढला, मग कोट काढला. मी वन्संना डोळ्यांनी खुणावलं. पण हा माझाच मुलगा, सहज कसा विरघळेल! म्हणाला, "बेकरी सोमवारी बंद असते ना?"

"असते."

"मग सोमवारचा आकडा सांगा. ह्या खोलीत, ह्या जागेवरचा. चौदा किंवा वर असला तर मी परत हा विषय काढणार नाही. खाली असला तर मी परवाच येतो. कबूल?"

मी म्हटलं, "कबूल." वन्संनीही मान डोलावली.

२५ जानेवारी, रविवार

उद्या सगळं ठरणार. दाराचा पडदा तीनदा तपासला, बाह्या नीट बसवल्या, मेणबत्ती फिरवून पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी तापल्यावर बादली भरली, परत ठेवलं, परत भरली.

"वन्सं, अंघोळ करून घ्या."

"वेडी आहेस का? उद्या सोमवार आहे."

"असू दे. तुमच्या अंघोळीने आकडा उतरत नाही, हे मला आता कळलंय. पाणी गार होतंय, चला."

अर्धा तास आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. मी त्यांचे केस पुसून दिले, कारण ओल्या केसांनी थंडी बाधते.

२६ जानेवारी, सोमवार

आज बेकरीत परातींचा आवाज नाही. सातला पाच मिनिटं असताना उठलो. वन्सं चष्मा पुसत राहिल्या, मग माझ्या हातात दिला. "आज तू वाच. डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेव. वरून बघितलंस तर कमी दिसेल, खालून बघितलंस तर जास्त."

मी वाचलं, परत वाचलं, आणि मग वन्संनी वाचलं.

फोन वाजला. वन्संनी उचलला आणि म्हणाल्या, "साडेचौदा."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "म्हणजे आपण पंधराच धरू या, आत्या."

"नाही," वन्सं म्हणाल्या, "साडेचौदा." आणि वहीत तेवढंच लिहिलं.